अँक्शस नावाची बिमारी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. गडचांदूरला आईला तर नाहीच — ती आधी हसेल, मग रडेल आणि शेवटी शेजारणीला सांगेल. तुम्ही ना ओळखीचे ना पाळखीचे, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. पण एकदम नाही जमायचं राजेहो. थोडं आडवळणानं येऊ द्या.

मी इंग्रजीचा मास्तर आहे. बरा शिकवतो — हे माझं नाही, पोरांचं म्हणणं. गडचांदूरच्या कारखान्याच्या सिमेंटच्या धुळीत वाढलो, जंगल पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. आणि पहिली नेमणूक कुठं? सिंदेवाहीच्याही पुढं, जिथं शाळेचं कुंपण संपलं की जंगलच सुरू होतं. माणसं मात्र इतकी मायेची की काय सांगू! आल्या आल्या खोली दिली, खाट दिली. कोणाकडे कोंबडी शिजली की एक वाटी माझ्याकडे यायचीच. पहिल्याच हिवाळ्यात मी चांगला गुटगुटीत झालो.

मग मोह पडायला लागला.

मोहाची फुलं पहाटे गळतात. बाया टोपल्या घेऊन उजाडायच्या सुमारास झाडाखाली जातात आणि वाकून वेचतात. वाकलेली बाई वाघाला बाई वाटत नाही, जनावर वाटते — असं गावातले म्हणतात. म्हणून एक जण न वाकता उभा राहतो, रिकामा पिपा बडवतो, हाका मारत राहतो. त्याची घरटी पाळी असते. आणि या भल्या लोकांनी माझ्या एकट्याच्या खोलीलाही एक घर धरलं. केवढा मान तो! गावातले सगळ्यात वडील मंगरूभाऊ स्वतः सांगायला आले की सर, परवा तुमची पाळी.

तुम्ही असता तर काय म्हटलं असतं? "भाऊ, मला भीती वाटते" — चार शब्द. अंगणात बाया उभ्या होत्या, माझ्या वर्गातली पोरं उभी होती.  आणि तोंडातून काय निघालं? "भाऊ, मला जरा... अँक्शस आहे."

का इंग्रजीत बोललो? वाटलं असावं की इंग्रजीत सांगितलं म्हणजे खोटंही होत नाही आणि लाजही वाटत नाही. पण मंगरूभाऊंनी काळजीनं विचारलं, कवापासून आहे? मी म्हटलं, लहानपणापासून. औषध? — पहाटेच्या गार हवेत जायला डॉक्टरनं मनाई केली आहे. घ्या! आता मात्र ते शंभर टक्के खोटं झालं.

शेजारची सुमनबाई लगेच पुढं आली. तिची रजनी सातवीत, माझ्याच वर्गात. सरची पाळी मी करते म्हणाली, एवढ्या सहज की जणू शेजाऱ्याचं दळण आणून द्यायचंय. मी तिला माझा तेलाचा रिकामा पिपा दिला. माझी कामगिरी तेवढीच.

पुढं काय सांगू, बापा! दारात काढे आले, जवसाचं तेल आलं, अंडी आली. कोणी लिंबू उतरवून गेलं. लग्नाच्या पंगतीत मला पंख्याखाली बसवायचे — सरले अँक्शस आहे ना. धान रोवायच्या वेळी एका गड्याची कंबर धरली, तर तोही म्हणू लागला, मलेही अँक्शस होऊन राह्यला. बायकोनं त्याला चिखलात परत पाठवलं. म्हणाली, शिकलेल्या लोकायची बिमारी हाय ते, तुले कुठून होईन? मी खोलीत उशीत तोंड खुपसून हसलो. आजही आठवलं की हसू येतं. हसतोय, हाच तर त्रास आहे.

पुढं एका धड्यात नेमका तोच शब्द आला. रजनी उठून उभी राहिली — सर, हे तुमचीच बिमारी ना? खरा अर्थ मला येत नव्हता का? भीतीनं, काळजीनं जीव खालीवर झालेला माणूस म्हणजे अँक्शस. पण तो फळ्यावर लिहिला असता तर संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचला असता. म्हणून मी लिहिलं — अँक्शस, म्हणजे आजारी. आणि वापर? "सर इज अँक्शस, सो सर स्टेज ॲट होम." पोरं ते वाक्य नाल्यापर्यंत ओरडत गेली. व्याकरणाची एकही चूक नव्हती, बरं का.

हाच गुन्हा? नाही. अजून तिथं पोचलोच नाही मी. टाळतोय, हे तुमच्याही ध्यानात आलं असेल.

दुसऱ्या वर्षीच्या मोहात, माझ्याच पाळीच्या दिवशी, वाघ निघाला. झुडपातून सरळ बायांसमोर. सुमनबाई हलली नाही. पिपा बडवत राहिली, ओरडत राहिली, सगळ्या बाया मागं सरकेपर्यंत. तो बराच वेळ पाहत उभा होता, मग वळून गेला. सगळ्या जणी सुखरूप गावात आल्या, तेव्हा मी चहा पीत होतो. सुमनबाई घरी जायच्या आधी माझ्या दारात आली — पिपा परत द्यायला, आणि तब्येत कशी आहे ते विचारायला. मी तिला बसवलं, चहा दिला. ती सगळं हसत हसत सांगत होती, पण कप तिच्या हातात राहत नव्हता. बशीत चहा सांडला, लुगड्यावर सांडला. मला स्वतःची इतकी किळस आली की मी भलताच प्रश्न विचारला. म्हटलं, बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?

तिनं पदरानं लुगड्यावरचा चहा पुसला.

"भेव तं लागतेच ना सर. रातभर झोप नाई येत पाळीच्या आधी. पण मले तुमच्यासारखी बिमारी थोडीच हाय? म्हून जाते."

तेव्हा बोलायचं होतं. ती समोर होती, दार उघडं होतं, तिसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "हो ना." आणि तिच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढच्या पाळीला पुन्हा तीच गेली. मी पांघरुणात पडून लांबून येणारा पिप्याचा आवाज ऐकत होतो. आवाज थांबला की माझा श्वास थांबायचा. उठलो मात्र नाही.