मगळू येईल, बसा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून कामाला लागणारी मी बाई. आजही तशीच आहे. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलं... भर दुपारी, भर बाजारात.

साल बहात्तर, दुष्काळाचं. सोलापुरात किल्ल्यामागच्या पेठेत आमचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान होतं. एक ओटा, मागे भिंत, बस्स. दुकान माझ्या आईचं. आम्ही तिला अव्वा म्हणायचो, घरात बोलणं कानडीच. ती गेली तेव्हा मी अक्कलकोटला सासरी होते. निरोप मिळून एसटीने पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही. चार महिन्यांनी आम्ही नवराबायको सोलापूरलाच राहायला आलो आणि मी दुकान पुन्हा उघडलं.

त्या दिवशी माठ कोरडा पडला. पीठ मळायलाही पाणी नाही. टँकर आल्याचं कळलं, तशी समोरच्या घड्याळदुरुस्तीवाल्या चाचांना "जरा लक्ष ठेवा" सांगून मी घागर घेऊन गेले. तासाभराने परतले तर ओट्यावर एक अनोळखी म्हातारी. करकंबची, सोलापूरला पहिल्यांदाच आलेली.

"मगळूबाई न्हवं तुमी?" ती म्हणाली.

मी थबकले. मगळू हे काही माझं नाव नाही. कानडीत मगळू म्हणजे लेक.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या आईनं की. 'मगळू येईल, बसा' म्हनल्या. मला लई तहान लागलेली, तर पानी दिलं."

तिच्या हातातला पितळी पेला ओला होता. मी माठात हात घातला... बुडाला नुसती धूळ.

"कशी होती ती?"

"निळं इरकल, कपाळाला इभूत."

आम्हा लिंगायतांच्या रीतीने अव्वाला निळं इरकल नेसवून पुरलं होतं — हे मलाही फक्त ऐकून माहीत.

"माझ्याबद्दल आणखी काही बोलली?"

"न्हाय बाई. तुमच्या वाटंकडं बघत हुत्या. तुमी कोपऱ्यावर दिसलासा, तशा उठून आत गेल्या."

आत? आत भिंत होती!

चाचा म्हणाले, "बेटी, मैं तो यहींच बैठा था. वो अकेलीच थी... मगर किसी से बातां कर रही थी."

म्हातारी भाकरी घेऊन गेली, पुन्हा कधी आली नाही. तहानेने तिला भास झाला म्हणावं, तर कानडीचा गंध नसताना तो शब्द तिला कुठून सुचला? पाणी कुणी दिलं? पेठेतल्या एकेका बाईला विचारून झालं. इतकी वर्षं झाली, उत्तर नाही.

भीती कधी वाटली नाही. सलतं ते एवढंच — माझीच वाट बघत होती, तर मी दिसल्यावर उठली का? त्यानंतर कित्येक दुपारी मी दुकान उघडं टाकून उगाच कोपऱ्यापर्यंत जायची, आणि येताना पावलं अगदी हळू टाकायची... दुरूनच ओट्याकडे बघत.