झिंकच्या पाण्यातले मूग

मुगाला मोड आले की फडक्यातून ओला, कच्चा वास येतो आणि संत्र्याच्या बागांमधलं सौंसरचं माहेर आठवतं. खाण्यासाठी चालणारा झिंकचा क्षार पाण्यात विरघळवून त्यात मूग कसे भिजवायचे, हे मी कॉलेजात शिकले होते. घरी पहिल्यांदा केले ते थकलेल्या आईसाठी. बागेतून आलेले बाबा वाटीत काय आहे ते माझ्याकडून ऐकून म्हणाले, “झिंक त आपण संत्र्याच्या झाडाले फवारतो. माणसाले काऊन देऊन राहिली?” भिंतीला टेकून बसलेली आई हळूच म्हणाली, “झाडाचं पान पिवळं पडलं का तुम्ही धावता. मी पिवळी पडून राहिली, ते नाही दिसलं?” बाबा हातपाय धुवायला गेले. आई एकेक मूग चावत राहिली. आता सासरी मी मूग स्वतःसाठी भिजवते. मीही पिवळी पडत चाललेय; पण मूग कशासाठी, हे इथे घरात अजून कोणी विचारलेलं नाही.