काळ्या वाळूचा चंद्र

आमच्या प्रदर्शनाचा विषय होता अवकाश. चिंचवडमधल्या एका हॉलमध्ये आम्ही सात जणांनी मिळून ते भरवलं होतं आणि खरं सांगायचं तर ज्याला जे भंगार सहज मिळेल, त्याचाच त्यानं ग्रह केला होता. वाकडला आयटीत असलेल्या एकानं बंद पडलेल्या कॉम्प्युटरच्या सर्किटांची सूर्यमाला केली. चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये ओळख असलेल्या मैत्रिणीनं लेथखाली पडणाऱ्या धातूच्या कुरळ्या सालपटांची आकाशगंगा टांगली. ती इतकी सुंदर होती की दोन दिवस मला तिचा रागच येत होता. मी चंद्राची जमीन करायची ठरवली. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, काळी, खड्ड्यांनी भरलेली, आणि एका कोपऱ्यातून येणारा एकच उजेड.

वाळू आबांनी आणली. आबा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे भोसरीचे. कारखान्यांसाठी जमिनी गेल्यावर आबा फाउंड्रीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लोखंडी पेटीत काळी वाळू दाबून साचा करायचा, मग त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे त्यांचं काम. माझ्या चित्रांविषयी त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. “चांगलं असंल,” म्हणायचे आणि पेपर उघडायचे. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मीही कधी समजावून सांगायच्या फंदात पडले नाही. फाउंड्रीतली जळकी वाळू पाहिजे म्हटल्यावर मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसून ते हॉलवर हजर झाले.

मग ते रोजच यायला लागले. वाळू चाळून द्यायचे, खोकायचे, पुन्हा चाळायचे. मी दिलेला मास्क खिशात ठेवायचे. पाणी किती घालायचं हेही त्यांनीच शिकवलं. “मुठीत दाब अन् मोडून बघ. कडक्‌न दोन तुकडं झालं पायजेत, भुगा व्हता कामा न्हाई.” मला दहा वेळा जमलं नाही, तेव्हा मनापासून हसले. मला वाटतं, आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते पहिलंच काम.

स्टुलावर चढून मी वाळूत लहानमोठे लोखंडी गोळे टाकत होते. आबा खालून बघत होते.

“एवढं खड्डं कशापाई?”

“चंद्रावर असतातच आबा. वरून दगड येऊन आदळतात.”

“अन् मग कुनी बुजवत न्हाई?”

“कोण बुजवणार?”

“व्हय, ते बी खरं,” म्हणाले, पण पटल्याचं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. साच्याच्या अंगावर नखाएवढा ओरखडा राहिला तरी त्यांच्याकडे माल रिजेक्ट व्हायचा. खड्डा मुद्दाम ठेवायचा असतो हे त्यांनी माझ्याखातर मान्य केलं होतं, इतकंच.

चार दिवस गोळे टाकून माझी कंबर मोडली. उद्‌घाटनाच्या सकाळी सगळं तयार होतं. मी पिंपळे गुरवला घरी जाऊन साडी नेसून येते म्हणाले आणि आबांना राखणीला बसवलं. कुणाला वाळूत पाय ठेवू देऊ नका, असं दोनदा बजावून सांगितलं.

दीड तासानं परत आले तर एकही खड्डा शिल्लक नव्हता. वीस बाय पंधराचा तो सगळा तुकडा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. कडेला आबा उकिडवे बसलेले, हातात फाउंड्रीतली छोटी थापी, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

लाइटवाला वायर ओढताना वाळूतून चालत गेला होता, हे मला त्यानंच संध्याकाळी सांगितलं. बुटांचे ठसे पुसावेत म्हणून आबांनी थापी काढली. ठसे गेले, पण तिथली वाळू शेजारच्या वाळूशी जुळेना. म्हणून शेजारची सारखी केली, मग तिच्या पलीकडची. हात जसा आयुष्यभर चालला तसाच चालत राहिला. पण सकाळी मी काही विचारलंच नाही. पाहुणे जिन्यावर आले होते आणि मी त्यांच्या देखत ओरडले, “तुम्हाला काय कळतं यातलं? जन्मभर नुसती वाळू थापलीत!”

“अगं, मी फकस्त...” एवढंच म्हणाले. मग थापी फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली, चपला घातल्या आणि पाहुण्यांना वाट देत भिंतीच्या कडेनं निघून गेले.

उद्‌घाटनाला पुण्याहून एक ज्येष्ठ चित्रकार आले होते. माझ्या वाळूपुढे ते थांबले ते हलेचनात. तिरप्या उजेडात ती काळी जमीन कुठे संपते तेच कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, “चंद्र म्हटला की सगळे खड्डे काढतात. तुम्ही काहीच ठेवलं नाहीत. पहिल्यांदा मला त्या जागेची भीती वाटली.” मी धन्यवाद म्हणाले. एका बातमीदारानं इतका सफाईदार पृष्ठभाग कसा साधला असं विचारलं, तर मी त्याला पाच मिनिटं प्रक्रिया समजावून सांगितली. लाज म्हणून वाटली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा आणि पाहुण्यांचा फोटो आला, खाली चार ओळी कौतुकाच्या; त्यात ‘चंद्राची जमीन’ एवढंच, ती गुळगुळीत होती हे कुठेच नव्हतं.

त्या सकाळी आबांनी विचारलं, “झालं का नीट?”

“झालं.”

“मग बरं.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. आदल्या दिवशीचं ओरडणं मागे घ्यायचं म्हणजे कौतुकही त्यांच्या हाती द्यावं लागलं असतं. ते माझ्यानं झालं नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत गेले. मधे पुण्याच्या एका गॅलरीनं तसंच काम मागितलं. मी आठवडाभर थापी चालवली, पण तिचे फटकारे दिसतच राहिले. आबा घरात बसून होते, एका हाकेवर आले असते. मी गॅलरीला नकार कळवला.

थंडीत त्यांचा खोकला वाढला. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. मी उशाशी बसून वाक्यं जुळवत होते. जागे झाले की सांगायचं ठरवलं होतं. ते जागे झालेच नाहीत.

पाचव्या दिवशी फाउंड्रीतले त्यांचे एक जुने जोडीदार भेटायला आले. आबांनी पेपरातलं ते कात्रण कंपनीच्या गेटवर नेऊन सगळ्यांना दाखवलं होतं म्हणे. मला हे ठाऊकच नव्हतं.

“लई सांगायचा तुझं,” ते काका म्हणाले. “म्हनायचा, माझ्या हातनं पोरीचं समदं काम नासलं. चार दिसाची मेहनत मातीत घातली. पन पोरगी अशी हुशार, पावनं दारात असताना समदं पुन्यांदा उभं केलं. आपलं वंगाळ काम तिनं कुनाला दिसूबी दिलं न्हाई.” त्यांनी टॉवेलनं डोळे पुसले. “तेवढं एक मनाला लावून घेतलं हुतं बघ त्यानं. खरंच गं, तेवढ्या येळात परत केलंस समदं?”

खोलीत पंधरावीस माणसं होती. आई माझ्याकडे बघत होती.

“हो काका,” मी म्हणाले.