एनेलेसी आत्याचं घुबड

तो फोटो मीच काढला आणि मीच पाठवला. आधीच सांगून टाकते, नंतर कुणी माझ्या तोंडावर फेकायला नको.

एनेलेसी माझी आत्या. तीस वर्षं तिनं आमच्या शाळेत न्सिमा घोटली. निम्मं गाव तिच्या हातच्या त्या मक्याच्या गोळ्यांवर वाढलंय. नवरा गेला, मूलबाळ नाही, माझ्या शेजारच्या घरात एकटी राहते. त्या घराला काचेची एकच खिडकी, आणि खिडकीसमोर ढोलीवालं आंब्याचं झाड. त्या वर्षी ढोलीत पांढऱ्या तोंडाच्या घुबडांनी पिल्लं काढली. आमच्याकडे घुबड म्हणजे चेटकिणीचा निरोप्या. दिसलं की लोक दगड उचलतात. आत्या मात्र रोज संध्याकाळी चहा घेऊन खिडकीशी बसायची. एक दिवस म्हणाली, "तिया, तुझ्या फोनमध्ये काढ की हिला. किती ऐटीत बसलीय बघ!"

मी बंद काचेतूनच काढला. खोलीत दिवा लागलेला होता. फोटोत फांदीवर घुबडाचं अंग, आणि त्यावर नेमका आत्याचा चेहरा, सुरकुत्यांसकट! मी हसून हसून खालीच बसले. "आत्या झाली घुबड" असं लिहून चर्चच्या गायनमंडळाच्या ग्रुपवर टाकला. अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय.

रात्रीतून तो गावभर फिरला. सकाळी आत्याच्या दारात वीसेक माणसं. पुढे गावप्रमुख दमालेके.

"गोगो आजी," ते आत्याला म्हणाले, "पुरावा तुमच्याच घरातून आलाय. रविवारी संध्याकाळी झाड तोडणार. आणि तुम्ही गाव सोडा."

"अहो, दिव्यामुळे काचेत तिचा चेहरा उमटलाय!" मी ओरडले.

"तू गप गं. चेटूक करणारे असंच म्हणतात," प्रमुखांचा मेहुणा लायसन म्हणाला. तो मेला लहानपणी आत्याकडून दोनदा वाढून घ्यायचा.

ते गेल्यावर मी चुलीपाशी बसून रडले. आत्याच्या डोळ्यांत टिपूस नाही.

"झालं रडून? मग ऊठ. बिघडवलंस तू, आता नीटही तूच करायचं. मला स्वच्छ फोटो पाहिजे. ती पिल्लांना काय आणते ते दिसलं पाहिजे."

खिडकी उघडली की घुबड उडायचं, म्हणजे काढायचा तो काचेतूनच. आम्ही काच आतून-बाहेरून राखेनं घासली, वर्तमानपत्रानं पुसली. गुरुवारी दिवा लावलाच नाही, तरी माझा पिवळा ब्लाउज काचेत उमटला. शुक्रवारी आत्यानं नवरा गेला तेव्हाचं काळं चितेन्जे पेटीतून काढलं आणि आमच्या पाठीमागे दोरीवर टांगलं. त्या कापडाला तिनं इतक्या वर्षांत कुणाला हात लावू दिला नव्हता. फोन मी काचेला चिकटवून धरला, तर फोटो हललेला आला. पिठाच्या डब्यावर टेकवला, तर फ्लॅश उडाला आणि फोटो कोरा पांढरा आला.

"अगं, मिट त्याचा तो डोळा!" आत्या खेकसली.

शनिवारी सूर्य टेकता टेकता घुबड फांदीवर उतरलं. चोचीत उंदीर, शेपटी लोंबतेय, ढोलीतून दोन पिल्लं चोची वासून. मी बटण दाबलं. एकेक पीस मोजून घ्यावं असा आला.

"हा," आत्या म्हणाली. "याला म्हणतात फोटो."

रविवारी कुऱ्हाड घेऊन आले सगळे. आत्यानं फोन प्रमुखांच्या नाकासमोर धरला. "बघा. तुमच्या कोठारातले उंदीर कोण उचलतंय ते नीट बघा."

प्रमुख बघत राहिले. लायसननं मान खुपसली. "आणि यात हिचा चेहरा कुठाय? लपवला!"

"लपवला?" आत्यानं खिडकीशी खुर्ची ओढली. "या प्रमुख, बसा. घाबरू नका, चावत नाही ती."

इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? बसले बिचारे. आत्यानं काळं कापड खसकन ओढून काढलं आणि दिवा लावला. मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले. थोड्या वेळानं घुबड फांदीवर आलं आणि मी फोटो काढून सगळ्यांना दाखवला. फांदीवर घुबडाचं अंग, त्यावर गावप्रमुख दमालेके, लोकरीच्या टोपीसकट.

"आता बोला," आत्या म्हणाली. "गाव मी एकटीनं सोडायचं, की आपण दोघांनी?"

मागे एक बाई फिस्सकन हसली. मग दुसरी.

प्रमुख माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरी, तेवढा पुसून टाक."

"नाही पुसणार," आत्या म्हणाली. "पाठवणारही नाही. झाड उभं आहे तोवर."

कुऱ्हाड आली तशी परत गेली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. त्या फोनची काच तडकलीय, बॅटरी तासभर टिकत नाही, नवरा म्हणतो फेकून दे. झाड उभं आहे. फोनही माझ्याकडेच आहे.