पुण्यात पान कोरं, साताऱ्यात पोहे आत

नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं असतील. सांगलीच्या विश्रामबागेत, जिना चढून वर, माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. क्लास माझा, खुर्च्या माझ्या, लाइट गेल्यावर मुलांची कुरकुर ऐकणारीही मीच. पाटीवरचं नाव मात्र पुण्याच्या एका संस्थेचं. फ्रँचायझी म्हणायचे त्याला. मी स्वतः शिकले ती त्यांनी पाठवलेल्या पुस्तकातून आणि मुलं करायची त्या चुकांमधून. म्हणून असेल, पण त्या मोठ्या नावाचा मला फार आधार वाटायचा.

मग संस्थेनं वेबसाइट काढली. पास झालेल्यांची नावं तिच्यावर यायला लागली, आणि प्रमाणपत्राच्या तळाशी छापून यायला लागलं की खात्री करायची असल्यास इथे पाहा. काय कौतुक होतं हो त्याचं! सांगलीत इंटरनेटचं दुकान नुकतंच निघालेलं. आईबाप तिथे जाऊन पोरांचं नाव डोळ्यांनी बघायचे आणि येताना माझ्यासाठी पेढे आणायचे.

माझ्याकडे शिकून तिथेच सकाळची बॅच घेणारी एक मुलगी होती. तिला साताऱ्याचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात नोकरीला, वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना कॉम्प्युटर शिकलेली सून हवी होती. मुलीच्या वडिलांची छाती फुगली. "आवं, ऑफिसात बसल्या बसल्या बघा की आमच्या पोरीचं नाव," असं ते मुलाला भर बैठकीत म्हणाले.

त्यानं बघितलं. पान कोरं.

झालं होतं असं, की वेबसाइट ज्या माणसानं बनवली, त्याच्याच मशीनवर ती ठेवलेली आणि तिचा पत्ताही त्यानं स्वतःच्याच नावावर घेतलेला. संस्थेला आता वेबसाइट दुसऱ्याकडे न्यायची होती, पण हा माणूस पत्ता सोडेना. शेवटी त्यानं सगळं बंदच करून टाकलं. भांडले ते दोघं, आणि गावोगावचे आम्ही फ्रँचायझीवाले लोकांना उत्तरं देत बसलो. क्लास बुडाला असं समजून माझी संध्याकाळची निम्मी बॅच यायची थांबली. सांगून सांगून तोंड दुखायचं.

मुलीचे वडील म्हणाले, "बाई, तुमी चला साताऱ्याला. तुमच्या सांगण्याला वजन हाय." गेलो.

फौजी गृहस्थ माणूस सभ्य. "बाई, आमी कुठं खोटं म्हणतोय? पर तुमच्याच कागदावर लिवलंय, हितं खात्री करा. आमी केली. न्हाई दिसत नाव."

"पोरगी लय हुशार हाय वो. सोता शिकवती," मुलीचे वडील म्हणाले.

"शिकवत असंल. पर फौजेत हजेरीला नाव न्हाई, तर माणूस म्होरं उभा असला तरी गैरहजरच."

मी म्हटलं, संस्थेलाच विचारा. त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. तिकडचा कुणीतरी म्हणाला, प्रकरण वकिलाकडे आहे, आम्हाला काही बोलता येत नाही. त्यांनी फोन हळूच खाली ठेवला. "वकील?" एवढंच म्हणाले. आतून फोडणीचा वास येत होता, पण बाहेर नुसता चहाच आला. पोहे आलेच नाहीत. तेव्हाच आम्ही समजलो.

परतीच्या एसटीत कराड आलं. मुलीचे वडील म्हणाले, "बाई, नाव गेलं कुठं पर? खोडलं असतं तरी खोडल्यालं दिसलं असतं की." मी खिडकीला डोकं टेकलं.

पुढे पुण्यातलं भांडण कसंबसं मिटलं. वेबसाइट नव्या पत्त्यावर उभी राहिली, नावंही परत आली. आणि साताऱ्याहून निरोप आला, नाव दिसलं, आता पुढचं बोलूया. मुलीचे वडील तसेच धावत क्लासचा जिना चढून आले. बॅच चालू होती. मुलीनं दारातच ऐकून घेतलं.

"आबा, तुमी सांगितलंत, त्यांना पटलं न्हाई. बाईंनी एवढ्या लांब जाऊन सांगितलं, तेबी न्हाई. आता कॉम्प्युटर बोलला तवा पटलं व्हय? आन उद्या परत बंद पडला तर मला माघारी धाडणार का?"

"असं कुटं असतंय का? बाई, तुमी तरी सांगा तिला."

माझ्यात आता कुणाला काही सांगायचं त्राणच उरलं नव्हतं. "मी साताऱ्यात सांगून आले ना," मी म्हटलं, "आता तिचं तिला ठरवू द्या."

ते बाकावर बसून राहिले. टोपी काढली, परत घातली. "मग काय कळवू त्यास्नी?"

"तुमी नका कळवू," ती म्हणाली. "बॅच सुटू दे, मीच फोन लावते."