आत्याचा रुसवा आणि जुना गोवर

माझ्या आर्णीच्या आत्यासारखं रुसणं अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. कुठल्या बारशाला तिला थंड चहा मिळाला, कुठल्या लग्नात तिच्याआधी धाकट्या जावेला कुंकू लावलं, सगळं तोंडपाठ. माझ्याच लग्नात ओटी भरायला तिला मागाहून हाक मारली, तेव्हापासून तिनं माझ्या घरचं पाणी सोडलं. रस्त्यात भेटली की मात्र माझ्या खिशात मूठभर भाजलेले शेंगदाणे कोंबायची. "तुह्यावर राग नाही रे, तुह्या घरावर हाय." आता घरानं काय घोडं मारलं होतं, हे विचारायची सोय नव्हती!

मग तिचा एक डोळा अंधुक झाला आणि आपोआप सुधारला. पाय बधिर पडले, पुन्हा चालू लागले; हाताची बोटं मात्र बधिरच राहिली. घरच्यांनी निदान केलं: हा नव्या तऱ्हेचा रुसवा. "नाटक करून राह्यली म्हणतात मले," आत्या म्हणाली आणि रुसायचं सोडून चक्क रडली. मी तिला गाडीत घातलं आणि यवतमाळला, मी राहतो तिथं, मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

एमआरआयमध्ये डाग दिसले. बाईंना मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे अंगाची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मेंदू-कण्यातल्या नसांवर उलटण्याच्या आजाराची, शंका होती. पण तसे डाग दुसऱ्या आजारांतही दिसतात, आणि औषधं निराळी. म्हणून रक्ताबरोबर पाठीच्या कण्यातलं पाणीही तपासायला गेलं. गोवर, रुबेला, कांजिण्या यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी त्या पाण्यातच तयार होत असल्या, तर शंकेला बळ येणार होतं, कारण असं सहसा याच आजारात होतं. रिपोर्ट येईपर्यंत आत्याला घास गेला नाही, आणि या खेपेला राग कुणावरच नव्हता.

रिपोर्ट आला. कण्यातल्या पाण्यातच तयार झालेल्या अँटिबॉडी सापडल्या, बाकीचंही जुळलं, निदान पक्कं झालं.

"पण गोवर तं मले लहानपणी झालता! गोवराच्या देवीले, मातामायले, दहीभात देऊन वाटे लावला होता बाप्पा. अजून गेला नाही?"

बाई हसल्या. "गोवर कधीच गेला, मावशी. तुमचं अंगच त्याच्यावर अजून राग धरून बसलंय. आजार मुळातून जाणार नाही, पण झटके रोखायला औषध आहे."

"म्हंजे नाटक नव्हतं ना?"

"मुळीच नाही."

आत्यानं असा सुस्कारा सोडला, की माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला.

दवाखान्याबाहेर येताच म्हणाली, "तुह्या घरी चाल. अंगाले राग सोडता येत नाही, त्याचे हाल पाहून राह्यली मी. आता मी कायले धरून बसू?"

बायकोनं आधी ओटी भरली, मग चहा दिला. बधिर बोटांनी कप सांभाळता सांभाळता चहा पार गार झाला. आम्ही नवराबायको श्वास रोखून बघत होतो. आत्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

"चांगला झाला व सूनबाई."

हे ऐकायला मी वर्षानुवर्षं आसुसलो होतो. ऐकलं, आणि वाटलं, एकदा तरी हिनं रुसावं, पहिल्यासारखं.