गप्प राहायची नोकरी

रोह्याजवळच्या निडी गावच्या सगुणा खरिवलेला त्रेपन्नाव्या वर्षी नोकरी लागली आणि त्या नोकरीची पहिली अट ऐकून तिचा नवरा कान्हू ओटीवर हसून हसून लोळला. अट अशी होती की कामाच्या वेळी सगुणाने एक अक्षरही बोलायचं नाही.

"गप्प ऱ्हायचा पगार देतात?" कान्हू डोळे पुसत म्हणाला. "मी तीस वर्सं फुकट मागतोय गो, मला नाय मिळालं!"

त्याचं हसणं अगदीच चुकीचं नव्हतं. सगुणाचा आवाज म्हणजे गावाचा सामाईक माल. कुणाचं वासरू सुटलं, कुणाची गाडी स्टेशनात आली, की लोक सगुणालाच हाक मारायला सांगत. लग्नाआधी ती कबड्डी खेळायची. एका दमात चढाई करून दोघीतिघींना शिवून यायची. पुढे गुडघा गेला तेव्हा ती पंच झाली, आणि पंच म्हणून तर तिने हद्दच केली. जत्रेच्या सामन्यात खुद्द कान्हूचा दम चढाईत तुटला. दुसऱ्या कुणाला कळलंही नव्हतं, पण हिने शिट्टी मारली. नवरा बाद, गाव हरलं. कान्हू तीन दिवस वालाची आमटी मुकाट्याने जेवला. चौथ्या दिवशी हात धुताना म्हणाला, "तुटला होता खरा."

ही गोष्ट पेणच्या सुरभी डॉक्टरच्या कानावर गेली आणि तिथेच सगुणाची निवड झाली.

सुरभी तान्ह्या मुलांची डॉक्टर. तिचं एक संशोधन चाललं होतं. शंभर मुलं जन्मली तर त्यातली थोडी आपणहून श्वास घेत नाहीत. पाठ चोळून, पुसून बहुतेक रडतात, पण एखाद-दुसऱ्याच्या नाकातोंडावर मास्क धरून रबरी फुग्याने हवा द्यावी लागते. नर्सबाया त्याला अँबू म्हणतात. हे सगळं पहिल्या मिनिटात व्हायला हवं. नर्सना त्याचं शिक्षण असतं, पण वर्षातून एकदा शिकलेला हात वर्षभर टिकतो का? म्हणून सुरभीने दोन दवाखाने घेतले होते. पेणच्या नर्सना एक दिवसाचं मोठं शिबिर, आणि रोह्याच्या नर्सना दर आठवड्याला पाच मिनिटं बाहुलीवर सराव. मग खऱ्या बाळंतपणात कोण किती सेकंदांत हवा देतं ते मोजायचं.

"मोजायला मला नर्स नको, डॉक्टर नको," सुरभीने सगुणाला सांगितलं. "आपल्या माणसाचे दोन सेकंद कमी लिहितात सगळे. तुम्ही नवऱ्याला सोडलं नाहीत म्हणे."

"त्याचा दम तुटलाच होता, डॉक्टरीणबाई."

"तेच. फक्त तुम्ही बोलायचं नाही. तुम्ही सांगून मदत केलीत तर नर्सचा हात किती तयार आहे ते मला कळणारच नाही."

अशी सगुणा हातात घड्याळ घेऊन रोह्याच्या लेबर रूममध्ये उभी राहू लागली; पेणला मोजायला दुसरी एक बाई होती. मूल जन्मलं की बटण दाबायचं. रडलं कधी, मास्क लागला कधी, छाती हलली कधी, सगळं कागदावर लिहायचं. पहिला आठवडा तिला फार जड गेला. तिच्या स्वतःच्या तोंडावरही कापडी मास्क असल्यामुळे तिने एक पळवाट काढली होती, पण ती मलिका सिस्टरच्या लक्षात आली.

"मावशी, तुमचा मास्क का हलतोय?"

सगुणाने मान हलवून "कुठे काय" केलं.

"आत बोलताय तुम्ही! मला दिसतंय ना!"

मलिका रोह्याचीच. भाऊ कुवेतला, आणि ही इथे तीन पाळ्यांचा गाडा ओढणारी. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. या दोघींचं एकमेकींवाचून पान हलेना, आणि एकमेकींशी जमतही नव्हतं. सरावाच्या वेळी सगुणा एका सेकंदाची सूट द्यायची नाही. मलिका म्हणायची, "घड्याळ पुढे आहे तुमचं." सगुणा घड्याळ तिच्या नाकासमोर धरायची.

सरावाची बाहुली एकच होती. सगुणाने तिचं नाव चिंगी ठेवलं. महिन्यातून एकदा पेणच्या नर्सची परीक्षा घ्यायला चिंगीला पेणला न्यावं लागे, आणि ते काम सगुणाकडे. मान दुमडू नये म्हणून ती चिंगीचं डोकं कापडी पिशवीबाहेर ठेवायची. एकदा निडीला गाडीत चढली तर समोरची म्हातारी कडाडली.

"काय गो भवाने, पोराला भाजी समजलीस काय? पिशवीत कोंबलंन!"

"बाहुली हाय, आजी."

"बाहुली घेऊन फिरायचं वय हाय काय तुझं?"

आता गप्प राहायची अट गाडीत लागू नव्हती. सगुणाने चिंगीला मांडीवर घेतलं आणि डब्यातल्या बायांना सगळं समजावलं. मान पुढे पडली की आतली नळी मिटते आणि फार मागे टाकली तरी मिटते. मध्ये धरायची, फुलाचा वास घेतो तशी. मास्क नाकातोंडावर नीट बसवायचा, मग दाबायचं आणि सोडायचं. छाती उचलली तर हवा गेली. नाय उचलली तर आपण नुसता फुगा खेळतोय.

नागोठणं गेलं तेव्हा तिघीजणी रांगेत होत्या. कासू स्टेशन यायच्या आत म्हातारीनेच चिंगीची छाती अशी झकास उचलली की सगुणा म्हणाली, "आजी, पेणला उतरा, तुमाला कामावर घेतात."

"घरी सून हाय," म्हातारी म्हणाली. "तिला सोडून कशी येऊ? माजेल."

असं सहा महिने चाललं. मग श्रावणातल्या एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पिंकी नावाच्या मुलीचं बाळंतपण आलं. पहिलटकरीण होती. डॉक्टर शेजारच्या खोलीत ऑपरेशनमध्ये अडकलेले. इथे मलिका आणि एक नवीन नर्स.

मूल बाहेर आलं, सगुणाने बटण दाबलं. मुलगा. पण हातपाय ढिले, रडणं नाही.

मलिकाने त्याला पुसलं, पाठ चोळली, तोंडातला चिकटा काढला. काही नाही. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली ठेवलं, मास्क लावला. सगुणाने लिहिलं, शेहेचाळीस सेकंद. उत्तम. सराव दिसत होता. नव्या नर्सने डॉक्टरांच्या दाराकडे धाव घेतली.

मलिका फुगा दाबत होती. छाती हलत नव्हती.

तिने मास्क उचलून पुन्हा बसवला. दाबलं. छाती तशीच.

बाजूला उभ्या सगुणाला ते दिसत होतं, वरून वाकलेल्या मलिकाला दिसत नव्हतं. मुलाच्या खांद्याखाली घडी घालून ठेवतात तो कपडा आज कुणीतरी दुप्पट जाड ठेवला होता. मान पार मागे गेली होती. चिंगीची अशी मान गेली की फुगा नुसता फुसफुसायचा, हे तिने शंभरदा पाहिलं होतं. बासष्ट. पासष्ट. मलिकाच्या कपाळावर घाम आला होता. सगुणाच्या मनात सुरभीचा नियम होता, सही केलेला कागद होता, आणि उभ्या आयुष्यात तिने उघड नियम मोडला नव्हता. एकोणसत्तर.

"मलिकाऽ! मान लय मागं गेलीय! खालचा कपडा काढ!"

वॉर्मरच्या ट्रेमधली कात्री खणखणली म्हणतात. मलिकाने वर पाहिलंही नाही. एका हाताने कपडा ओढला, मान सरळ केली, मास्क बसवला, दाबलं. छाती उचलली.

"गेली हवा! दाब... सोड, सोड. दाब... सोड, सोड." आता सुटलेलं तोंड सगुणा कशाला मिटते? ती मोजत राहिली आणि मलिका तिच्या ठेक्यावर दाबत राहिली. हळूहळू छातीवरचा निळेपणा उतरला. मुलाने एक उचकी दिली, तोंड वेडंवाकडं केलं, आणि मग असा टाहो फोडला की डॉक्टर दारातच थांबले.

बाहेर पिंकीची सासू घाबरून शिपायाला विचारत होती, "आत भांडण कुणाचं चाललंय?"

मूल वाचलं. सगुणाने पुढची नोंद केली: "६९ व्या सेकंदाला मी बोलले. मोठ्याने बोलले." कागद सुरभीला देताना म्हणाली, "मला बाद करा, डॉक्टरीणबाई."

सुरभीने कागद दोनदा वाचला आणि खुर्चीत बसली. "बाद मी आहे, सगुणाताई. 'छाती हलत नसेल तर बोला' हे मी नियमात लिहायला हवं होतं. हे कसं सुचलं नाही मला?"

तरी घडलेलं कळवणं भाग होतं. संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीने लॅपटॉपवरून सगुणाला बोलावलं. चष्मेवाले पाच चेहरे. त्यातल्या एकाने विचारलं, "तुम्ही नेमकं किती मोठ्याने बोललात?"

सगुणाने दाखवलं. त्यावर तिकडचे दोन चेहरे पडद्याबाहेर गेले आणि सुरभीने घाईने आवाजाचं बटण दाबलं. समितीने ठरवलं की हे मूल हिशेबात धरायचं नाही आणि नियम त्याच दिवसापासून बदलायचा.

मलिका मात्र आठ दिवस रुसली. "नवीन पोरीसमोर नाव घेऊन ओरडलात," ती म्हणाली. "सांगायचं ते हळू सांगता आलं असतं."

"मला हळू येत नाय गो," सगुणा खरं तेच बोलली.

नवव्या दिवशी सरावाला मलिकाने चिंगीला वॉर्मरखाली ठेवलं आणि समोरची जागा बोटाने दाखवली. "इथे उभ्या राहा. मी दाबणार, तुम्ही छाती बघायची. चुकले की सांगायचं. नाव नाही घ्यायचं!" नंतर रोह्यातल्या सगळ्याच नर्स तसा सराव करू लागल्या, एक दाबणारी आणि एक बघणारी. सुरभीने त्याची वेगळी मोजणी सुरू केली. वर्षाअखेरीस दर आठवड्याला सराव करणाऱ्यांचे आकडे पेणपेक्षा चांगले निघाले, आणि पेणच्या नर्सनीही स्वतःसाठी एक बाहुली मागून घेतली.

पिंकीच्या मुलाचं बारसं झालं तेव्हा सगुणाला आणि मलिकाला मानाचं बोलावणं होतं. पोराचं नाव आदेश ठेवलं. पाळण्यातून उचलून सासूने तो सगुणाच्या मांडीवर दिला. सगुणाने त्याचं झबलं वर केलं आणि टक लावून छाती बघत बसली.

"तोंड बघ गो आधी!" बाया ओरडल्या.

सगुणाने मान वर केली. पोरगं तिच्याकडे बघून जांभई देत होतं.

"नाक बापाचं हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा छातीकडे बघू लागली.